कॅपबाहेरचे चौदा लाख

पंकजा ढाकणेच्या टेबलासमोर बसलं की खेळाडू आपला आकडा दोनदा मनात घोळवून मगच तोंड उघडायचे. ती आवाज चढवायची नाही, कुणाचा अपमान करायची नाही. समोरच्याचं ऐकून घ्यायची, चहा मागवायची आणि शेवटी जे देता येणार आहे तेवढंच द्यायची. नगरच्या महिला बास्केटबॉल संघाचे सगळे करार तिच्याकडे होते. याआधी आठ वर्षं तिने एमआयडीसीतल्या एका कारखान्यात कामगारांचे करार सांभाळले होते, त्यामुळे कागदावरच्या कुठल्या ओळीत कुणाचा पाय अडकतो हे तिला पक्कं माहीत होतं.

लीगचा एक नियम सगळ्यांच्या डोक्यावर बसलेला असायचा. मालक कितीही श्रीमंत असो, बारा खेळाडूंच्या पगारावर हंगामाला ऐंशी लाखांच्या वर खर्च करायचा नाही. याला सगळे ‘कॅप’ म्हणत. कॅप नसती तर पुण्या-मुंबईच्या संघांनी सगळ्या चांगल्या मुली उचलून नेल्या असत्या आणि नगरसारख्या गावाने नुसत्या टाळ्या वाजवल्या असत्या. त्यामुळे पंकजाला कॅपचा राग कधी आला नाही. कॅपमुळेच आपला संघ उभा आहे हे ती जाणून होती. यंदा तिने बारा जणी सत्त्याहत्तर लाखांत बसवल्या होत्या आणि तीन लाख अडीअडचणीला राखून ठेवले होते. या कामावर ती खूश होती.

डिसेंबर लागला आणि एका सकाळी संघाची कर्णधार ज्योती वाकचौरे सावेडीच्या ऑफिसात आली. ज्योती राजूरची. संघाची पॉइंट गार्ड, म्हणजे प्रत्येक डाव तिच्या हातातून सुरू व्हायचा. कुणाला चेंडू द्यायचा, कधी थांबायचं, कधी पळायचं, सगळं तीच ठरवायची. संघात सगळ्यात जास्त पगार तिचा, चौदा लाख. हंगाम सुरू व्हायला महिना राहिला होता.

ती बसली नाही. खुर्चीच्या पाठीला धरून उभी राहिली.

“मॅडम, मला दिवस गेलेत,” ती म्हणाली. “तिसरा महिना आहे. डॉक्टर म्हणाले, खेळायचं नाही.”

“आधी बस तरी,” पंकजा म्हणाली. “तब्येत बरी आहे ना?”

“बरी आहे. घरी सगळे खूश आहेत.” ज्योती बसली. “मी करार वाचून आलेय. खेळाबाहेरच्या कारणाने महिन्याहून जास्त गैरहजर राहिलं तर संघ करार रद्द करू शकतो. तुम्ही करा, मी भांडणार नाही. फक्त पुढच्या वर्षी चाचणीला बोलवा, एवढंच सांगायला आले.”

ती हे एका दमात बोलली. ज्योतीने रस्ताभर हे वाक्य घोकलं असणार, हे पंकजाच्या लक्षात आलं.

“करार रद्द करायचा की नाही हे माझं काम आहे,” ती म्हणाली. “तू ते का करतेस? सरावाला ये, बाजूला बस, पोरींना शिकव. बाकी माझ्यावर सोड.”

ज्योती गेल्यावर मात्र पंकजाने दार लावून घेतलं आणि पुन्हा नियम काढून बसली. गुडघा दुखावला, हात मोडला तर खेळाडूचा पगार चालू राहायचा आणि तो कॅपमध्ये धरला जायचा नाही. संघाला तेवढ्या जागेत दुसरी मुलगी घेता यायची. बाळंतपणाचं मात्र कुठेच नाव नव्हतं. नियम लिहिणाऱ्यांनी पुरुषांच्या लीगचा मसुदा उचलला होता आणि ‘तो’च्या जागी ‘ती’ केलं होतं. त्यामुळे ज्योतीचं मूल ‘खेळाबाहेरचं कारण’ ठरत होतं. करार पाळला तर चौदा लाख कॅपमध्ये अडकणार आणि उरलेल्या तीन लाखांत पॉइंट गार्ड मिळणार नाही. करार मोडला तर जागा मोकळी.

पंकजा पाथर्डीकडची. तिचे आई-वडील दरवर्षी ऊसतोडीला जायचे. तिच्या धाकट्या भावाच्या वेळी आई फडातच अडली आणि पुढचे काही दिवस तिला कोयता धरता आला नाही. मुकादमाने त्या दिवसांचा खाडा धरून पैसे कापून घेतले होते. हे घरात कुणी रागाने बोलायचं नाही. रीत होती तशी, म्हणायचे. पंकजाने ही गोष्ट ऑफिसात कधी कुणाला सांगितली नव्हती आणि आताही सांगण्याचा तिचा विचार नव्हता. पण करार मोडायचा नाही, हे तिने त्याच खुर्चीत बसून ठरवलं.

संघाचे मालक सहादेवशेठ केडगावच्या आवारात टँकर धुऊन घेत उभे होते. दुधाच्या धंद्यात त्यांनी पैसा केला होता आणि बास्केटबॉलवर त्यांचा जीव का जडला हे त्यांच्या घरच्यांनाही कळलं नव्हतं. त्यांनी पंकजाचं सगळं ऐकून घेतलं.

“पोरगी चांगली हाय. तिला साडीचोळी करू, बारशाला जाऊ,” ते म्हणाले. “पन घरी बसायला चौदा लाख? ताई, त्ये पैसे गेले त्याचं मला काय न्हाई. पन त्या पैशानं जागा अडती. मग खेळवायचं कुनाला?”

“पैशाचं काही नाही म्हणालात, तेवढं मला पुरे आहे,” पंकजा म्हणाली. “जागेचं मी बघते.”

“कशी बघनार?” सहादेवशेठ जवळ आले आणि आवाज खाली आणला. “आपला डाक्टर हाय ना, त्याच्याकडनं लिहून घ्या. गुडघा दुखावला म्हनावं. मग झालंच की काम.”

“आणि दोन महिन्यांनी पोट दिसायला लागल्यावर गुडघ्याचं काय सांगायचं?”

सहादेवशेठना हसू आलं. ते दाबत त्यांनी टँकरवाल्याला उगीचच हाक मारली.

“पुढच्या आठवड्यात पुण्याला लीगची बैठक आहे,” पंकजा म्हणाली. “तोपर्यंत थांबा. नियमच बदलून आणते.”

“तुमी म्हनता तर थांबतो. पन मला पॉइंट गार्ड पायजे.”

“मिळेल.”

परतीच्या वाटेवर तिला जाणवलं की आपण दोन गोष्टींचा शब्द दिलाय आणि हातात एकही नाही. तरी तिला भीती वाटली नाही. असं काम अंगावर घेतलं की तिची भूक वाढायची. माळीवाड्यात थांबून तिने गरम भजी घेतली आणि गाडीतच संपवली.

पुण्याच्या बैठकीत सहा संघांचे व्यवस्थापक होते. लीगच्या अध्यक्ष सत्यशीलाबाई मधोमध बसल्या होत्या. त्या स्वतः एके काळी देशासाठी खेळलेल्या, आता साठीच्या पुढे गेलेल्या, आणि फापटपसारा त्यांना खपायचा नाही. पंकजाने दोन मिनिटांत मागणी मांडली. खेळाडू गरोदर राहिली तर संघाने तिचा पूर्ण पगार द्यायचा आणि तो कॅपच्या बाहेर धरायचा, दुखापतीत धरतात तसाच.

पहिला आक्षेप कोल्हापूरच्या रणवऱ्यांनी घेतला. माणूस वाईट नव्हता, पण त्याचा संघ गेल्या वर्षी अंतिम सामन्यात हरला होता आणि त्याला प्रत्येक गोष्टीत कुणाचा तरी फायदा दिसत होता.

“म्हणजे नगरला चौदा लाखांची खेळाडू आणि वर आणखी चौदा लाखांची,” ते म्हणाले. “ज्याचा मालक मोठा, त्याची कॅप मोठी. मग कॅप ठेवायची कशाला?”

दोघातिघांनी माना हलवल्या. पंकजाला हा प्रश्न येणार हे माहीत होतं. खरं तर रणवऱ्यांच्या जागी ती असती तर तिनेही हाच विचारला असता.

“बरोबर आहे तुमचं,” ती म्हणाली. “म्हणून अट घाला. बदली मुलीला मूळ खेळाडूच्या निम्म्याच्या वर द्यायचं नाही. करार त्याच हंगामापुरता करायचा. आणि जिच्या जागी ती आली, तिने त्या हंगामात परत मैदानात उतरायचं नाही.”

सगळे मनात हिशोब घालत होते.

“निम्मं म्हणजे सात,” सत्यशीलाबाई म्हणाल्या. “सात लाखांत तुम्हाला आता, हंगामाच्या तोंडावर, पॉइंट गार्ड मिळणार आहे? स्वतःलाच अडचण होईल अशी अट का घालताय?”

“मला सोपं जाईल असा नियम इथे कुणी मान्य करणार नाही, बाई. हा करतील.”

रणवरे अजून कुरकुरत होते. आपल्याकडे असं काही उद्भवलेलं नाही, घाई कशाला, पुढच्या वर्षी बघू, असं म्हणाले.

“तुमच्या संघात बारा बायका आहेत, रणवरेसाहेब,” पंकजा शांतपणे म्हणाली. “त्यातल्या सात जणींची लग्नं झालीत. तुमच्याकडे उद्भवेल तेव्हा मी इथेच बसलेली असेन आणि आज तुम्ही जे बोलाल ते मला आठवेल.”

सत्यशीलाबाईंनी हात वर करायला सांगितले. चार हात वर आले. पाचवा रणवऱ्यांचा, जरा उशिरा. सहावा आला नाही, पण त्याची गरज नव्हती.

बाहेर पडल्यावर पंकजाने आधी ज्योतीला फोन लावला. नियम झाल्याचं ऐकून ज्योती पलीकडे नाक ओढायला लागली.

“रडू नको,” पंकजा म्हणाली. “उद्या तुला माझ्याबरोबर मिरजगावला यायचंय. प्रवास झेपेल का ते डॉक्टरांना विचारून घे.”

मिरजगावात हायवेला लागून बिभीषण म्हेत्रे यांचं ठिबकचे पाइप आणि पाण्याच्या मोटारींचं दुकान होतं. त्यांची मुलगी संस्कृती पुण्यात कॉलेजच्या संघातून खेळायची. पंकजाने तिला दोन वर्षांपासून नजरेत ठेवलं होतं. मुलीचे पाय चपळ होते, नजर त्याहून चपळ. पण ती एकट्या नगरच्याच नजरेत नव्हती. नाशिकच्या संघाने वर्षाला आठ लाखांचा, तीन वर्षांचा करार पुढे केला होता आणि संस्कृतीने अजून होकार कळवला नव्हता.

बिभीषण यांनी दुकानातच खुर्च्या मांडल्या. त्यांच्या बायकोने चहा आणला आणि ज्योतीची हालचाल बघून न विचारताच तिच्या पाठीला उशी दिली. संस्कृती मोटारींच्या खोक्यावर बसली. ज्योती समोर आल्यापासून ती तिच्याकडेच बघत होती.

“ताई, मी यापारी मानूस हाय,” बिभीषण म्हणाले. “नाशिकवाले आठ देत्यात, त्येबी तीन वर्सं. तुमी सात देनार, आन् एकच वर्स. मला हिशोब जुळत न्हाई.”

“तुमची मुलगी तीन वर्षं आठाचीच राहणार आहे असं तुम्हाला वाटतं का?” पंकजाने विचारलं.

बिभीषण यांनी मुलीकडे बघितलं.

“नाशिककडे दोन पॉइंट गार्ड आहेत. ती तिसरी. पहिलं वर्ष बाकावर जाईल. माझ्याकडे पहिल्या सामन्यापासून चेंडू तिच्या हातात असेल, कारण दुसरं कुणीच नाही. वर्ष संपलं की ती मोकळी. ती काय चीज आहे हे सगळ्या महाराष्ट्राने बघितलेलं असेल. तेव्हा तुम्ही मला बोलवा, नाशिकला बोलवा, आणि जास्त देईल त्याच्याकडे जा. एक लाख आत्ता कमी पडतोय, मान्य आहे. त्याच्याहून जास्त मला देता येत नाही. देता येत असतं तरी नियमाच्या बाहेर जाऊन दिलं नसतं.”

“आन् पोरीचा पाय मोडला तर? येका वर्सात काय व्हईल सांगता येतंय व्हय?”

हा प्रश्न पंकजाने घेतला नाही. तिने ज्योतीकडे पाहिलं.

“काका,” ज्योती म्हणाली, “माझा पाय मोडलेला नाही. मला मूल होणार आहे. करारात लिहिलं होतं की मला काढून टाकता येतं. मी स्वतः जाऊन म्हणाले की काढा. यांनी काढलं नाही. या महिन्याचा पगार परवा जमा झालाय. आणि मी वर्षभर मैदानात पाऊल टाकणार नाहीये.”

बिभीषण यांनी चहाचा कप खाली ठेवला. “वर्सभर?”

“वर्षभर. पूर्ण चौदा लाख.”

“आमच्या दुकानात पोऱ्या दोन दिवस आला न्हाई तर मी बोलतो त्येला,” बिभीषण हळूच म्हणाले, जरा स्वतःशीच.

मग पहिल्यांदा संस्कृती बोलली. तिचा प्रश्न पंकजाला नव्हता.

“तुम्ही शिकवाल का मला?” तिने ज्योतीला विचारलं. “तुम्ही उजवीकडे बघता आणि चेंडू डावीकडे देता, ते मला अजून जमत नाही.”

“माझं दुसरं काय काम आहे आता,” ज्योती म्हणाली.

सही दुसऱ्या दिवशी नगरला झाली. सहादेवशेठनी पेढे वाटले, आणि सात लाखांतच काम भागलं हे येईल त्याला सांगत सुटले, जणू काही ती अट त्यांनीच घातली होती. पंकजाने त्यांना अडवलं नाही.

हंगामाची सुरुवात काही चांगली झाली नाही. पहिल्या तीन सामन्यांत संस्कृतीने चेंडू इतक्यांदा गमावला की तिसऱ्या सामन्यानंतर बसमध्ये ती सगळ्यात मागे जाऊन बसली. सहादेवशेठनी फोन करून “ताई, काय खरं न्हाई” एवढंच म्हटलं आणि ठेवून दिला. पॉइंट गार्ड महिन्यात तयार होत नाही, हे पंकजाला ठाऊक होतं. ज्योती रोज सरावाला यायची, कडेला खुर्चीत बसायची आणि एकाच गोष्टीवर बोट ठेवायची. चौथ्या सामन्यात संस्कृतीने उजवीकडे बघितलं आणि डावीकडे चेंडू दिला. समोरची मुलगी चकली. वाडिया पार्कच्या पायऱ्यांवर बसलेल्या लोकांना नेमकं काय झालं ते कळलं नाही, पण गुण झाला हे कळलं.

तिथून संघ सावरला. उपांत्य फेरीपर्यंत गेला आणि तिथे हरला. सहादेवशेठना वाईट वाटलं, पण मनातल्या मनात त्यांनी एवढीही आशा धरली नव्हती. जूनमध्ये ज्योतीला मुलगी झाली. ती सातव्या महिन्यात राजूरला गेली तेव्हापासूनचे सगळे पगार वेळेवर तिकडे पोहोचत होते. पंकजाने त्यात एकदाही उशीर होऊ दिला नाही.

पुढची करारांची वेळ आली, ज्योतीचाही करार संपला, तेव्हा खरी कसोटी लागली. संस्कृतीचा भाव आता बारा लाख होता. बिभीषण यांनी पंकजाने शिकवलेलंच तिच्यासमोर वापरलं, नाशिकला बोलावलं, पुण्यालाही बोलावलं. पंकजाने बारा कबूल केले. कॅपमध्ये उरलेली जागा बावीस लाखांची होती, म्हणजे ज्योतीसाठी दहा उरत होते. आणि कोल्हापूरच्या रणवऱ्यांनी ज्योतीला तेरा देऊ केले होते.

ज्योती स्वतः सांगायला आली. मुलगी तिच्या कडेवर होती.

“मॅडम, तुम्ही तेरा करा, मी कुठे जात नाही,” ती म्हणाली.

“दहाच्या वर माझ्याकडे जागा नाही. संस्कृतीला कमी दिलं असतं तर झालं असतं. पण तिला मी शब्द दिला होता की वर्षाने ती मोकळी असेल.”

“मला माहितीय. मी तिथेच बसले होते.” ज्योतीने मुलीला सावरून घेतलं. मग म्हणाली, “मी गेले तर लोक म्हणतील, वर्षभर बसून खाल्लं आणि गेली.”

“कोण म्हणेल? तुझा करार होता, तो पाळला. त्यात उपकार कसला? तू आता एकतीसची आहेस, ज्योती. तुझ्यापुढे चार हंगाम आहेत, फार तर पाच. प्रत्येक वर्षी मिळतील तेवढे घे. मी तुझ्या जागी असते तर आत्तापर्यंत कोल्हापूरला सही करून मोकळी झाले असते.”

आपल्याला थांबवलं जाईल अशी ज्योतीची थोडी अपेक्षा होती, आणि थांबवलं नाही याचं तिला वाईटही वाटलं. पण पंकजा कुणाशी खोटं बोलत नाही हेही तिला माहीत होतं. ती कोल्हापूरला गेली.

सहादेवशेठ आठवडाभर धुमसत होते. “आपन तिला सांभाळलं, आन् ती दुसऱ्याच्या दारात,” ते पुन्हा पुन्हा म्हणत. पंकजा एकदाच बोलली, तेही बीडच्या मुलींचं पक्कं झाल्यावर. बीडच्या दोन मुली, एक बास्केटखाली खेळणारी सेंटर आणि एक लांबून नेम साधणारी शूटर, दोघी चांगल्या, दोघींना दुसरीकडे सहा-सहा मिळत होते. त्या पाच-पाचमध्ये नगरला आल्या होत्या. का आल्या असं विचारल्यावर सेंटर म्हणाली होती, “माझं लग्न झालंय, मॅडम. तुमच्याकडे काय होतं ते सगळ्या लीगला माहितीय.” ज्योतीसाठी ठेवलेले दहा लाख असे दोघींवर खर्च झाले होते.

“चौदा लाखांची जाहिरात होती ती, शेठ,” पंकजा म्हणाली. “इतकी स्वस्त जाहिरात तुमच्या दुधाचीही कधी झाली नसेल.”

सहादेवशेठनी बीडच्या मुलींची उंची विचारली.

फेब्रुवारीत कोल्हापूरचा संघ नगरला आला. ज्योती पहिल्यासारखी पळत नव्हती, पण चेंडू कुठे जाणार हे तिलाच आधी कळायचं. संस्कृती तिच्या समोर उभी होती. दोघींनी एकमेकींना पूर्ण सामना सोडलं नाही. नगर सहा गुणांनी जिंकलं. त्यातले दोन गुण ज्योतीला चकवून झाले होते, आणि त्या वेळी ज्योतीच्या चेहऱ्यावर राग होता की समाधान, हे पंकजाला लांबून नीट कळलं नाही.

सामना संपल्यावर ज्योती घामाने निथळत पंकजाकडे आली. कडेला उभ्या असलेल्या आपल्या नवऱ्याकडून तिने मुलगी घेतली आणि पंकजाच्या हातात दिली. मुलगी जड झाली होती.

“माझा करार एकच वर्षाचा आहे,” ज्योती पाणी पिता पिता म्हणाली. “पुढच्या वर्षी तुमच्याकडे किती जागा होतेय?”

पंकजाने मुलीला दुसऱ्या खांद्यावर घेतलं.

“आधी हंगाम संपू दे,” ती म्हणाली. “मग ये ऑफिसात. आणि रणवऱ्यांनी काय दिलंय ते खरं सांग. मला तसंही कळतंच.”